तोंड झाका, पाय बघा

कुठलंही चित्र समोर आलं की मामा आधी खाली बसायचे. उकिडवे. मग एक डोळा मिटायचा, उजव्या हाताचा अंगठा लांब धरायचा आणि चित्रातल्या माणसांची तोंडं एकेक करून त्या अंगठ्याखाली झाकून टाकायची.

“तोंड झाका,” ते म्हणायचे. “तोंडाला शिकवलेलं असतंय. पायाला कोन शिकवतंय? पाय बघा.”

तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. तेव्हा मी पंचविशीत होतो, हैदराबादेत दोन वर्षं शिकून आलो होतो. निजाम सरकारच्या तामीरात खात्यात, म्हणजे रस्ते आणि इमारती बांधणाऱ्या खात्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात मी कारकून होतो. आपल्याला न कळणारं असं जगात फारसं काही उरलेलं नाही, अशी माझी पक्की समजूत होती. मामांनी ती समजूत फार हळू हातानं, रंग खरवडावा तशी, खरवडून काढली.

मामा आमच्या खात्याचे रंगारी. कुणाचे मामा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मोठ्या साहेबापासून पाणी भरणाऱ्या भिस्त्यापर्यंत सगळे मामाच म्हणायचे. घराणं चिताऱ्याचं. बाप-आज्यानं गावोगावच्या देवळांच्या भिंतींवर देव काढले होते. मामांच्या वाट्याला मैलाचे दगड आले.

त्या काळी आमच्याकडच्या दगडांवर गावाचं नाव उर्दूत, मराठीत आणि इंग्रजीत लिहायचे. मामांना तिन्हींपैकी एकही लिपी वाचता येत नव्हती. मी चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचो आणि मामा मोर काढावा, वेल काढावी, तशी ती अक्षरं दगडावर उतरवायचे. चूक कधी नाही.

एकदा अणदूरच्या फाट्यावर नवा दगड रंगवून झाला आणि मामा मागं सरकून बसले.

“मुन्शीसाब, ही उर्दू बघा. पळतीया. पाय दिसू देत न्हाय. मराठी बिचारी दोरीवर वाळत घातलीया, पाय भुईला लागतच न्हाईत. आन् ही इंग्रजी. एकेक अक्षार बूट घालून हुबं हाय.”

मी वाकून पाहिलं. खरंच, छापील पुस्तकात असते तशी प्रत्येक इंग्रजी अक्षराच्या तळाशी एक बारीक आडवी रेघ होती. इतकी वर्षं मी इंग्रजी वाचत होतो, पण तिचे बूट मला कधी दिसले नव्हते.

मामा स्वतः जन्मभर अनवाणी. पाय असे की चिखल वाळून तडकावा. त्यांतल्या डाव्या पायाची एक गंमत होती. मुरुम गावाच्या रस्त्यावर गाडीतून उतरवताना मैलाचा दगड त्या पायावर पडला, करंगळी मोडली आणि ती कायमची बाहेरच्या बाजूला आडवी झाली. मामा पाय पुढं करून सांगायचे, “समदी बोटं तुळजापूरला निघाल्यात. ही एकटी मुरुमला.”

आमच्या कचेरीत सगळ्या खात्याचा एक फोटो होता. मधे खुर्चीवर मोहतमीमसाहेब, म्हणजे खात्याचे जिल्ह्यातले सर्वांत मोठे साहेब, आणि भोवती आम्ही उभे. फोटो नवा लागला त्या दिवशी मामा त्यासमोर बसले, अंगठा धरला आणि कडेच्या एका कारकुनावर येऊन थांबले.

“ह्यो जातोय.”

“कुठं जातोय मामा? फोटो काढून घेतोय तो.”

“टाच उचललीया त्येची. तोंड हितं हाय, पाय निघाल्यात. ज्याची टाच उचललीया त्यो निघालेला असतोय, न्हाय तर खोटं बोलत असतोय. ज्याची टाच रुतलीया, घर त्येचं.”

महिन्याभरात त्या कारकुनानं परभणीला बदली करून घेतल्याचा हुकूम आला. अर्ज त्यानं फोटोच्या आधीच केला होता आणि आम्हां कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून कचेरीत मामा आले की आम्ही सगळे टेबलाखाली पाय ओढून घ्यायला लागलो.

आता त्या मोठ्या चित्राकडं येतो.

अणदूर आणि नळदुर्गच्या मधल्या वाटेवर आमच्या खात्याचा एक डाक बंगला होता. पूर्वी काही वर्षं हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात होता, तेव्हा कुणा गोऱ्यानं काढलेलं एक तैलचित्र त्या बंगल्याच्या दिवाणखान्यात टांगलेलं होतं. चांगलं उभ्या केलेल्या खाटेएवढं. चित्राखाली एक गालिचा, आणि त्या गालिच्यावर खात्याच्या बड्या साहेबांखेरीज कुणी पाय ठेवायचा नाही अशी रीत. मामा गालिच्याच्या काठाशी बसूनच ते चित्र बघायचे.

चित्रात दूर नळदुर्गचा किल्ला. मधे माळावर तंबू, तंबूपुढं एक साहेब घोड्याला टेकून उभा, बाजूला मडम, एक कुत्रं. ही सगळी मंडळी बोटाएवढी. आणि अगदी पुढं, डाव्या कोपऱ्यात, एक आपल्याकडचा माणूस. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, एका हातात काठी, दुसरा हात किल्ल्याकडं केलेला. तो मात्र पुरुषभर. अर्धं चित्र त्यानंच व्यापलेलं.

खंडोबाचा मुक्काम काही दिवस अणदूरला आणि काही दिवस नळदुर्गला असतो, त्यामुळं त्या वाटेवर बायाबापड्यांची ये-जा असायची. बंगल्याच्या विहिरीवर पाणी प्यायला बाया थांबायच्या आणि खानसाम्याची नजर चुकवून आत शिरायच्या. त्या पुढच्या माणसाच्या कपाळाला चिमूटभर भंडारा लावून, हात जोडून बाहेर यायच्या. होता होता त्याचं तोंड, छाती, घोंगडी, सगळं हळदीनं पिवळं झालं होतं.

“मैं क्या करूं मुन्शीजी,” खानसामा चाचा म्हणायचे, “औरतां सुनतेच नैं.”

एकदा मी एका म्हाताऱ्या बाईला पकडलंच. येरमाळ्याकडची होती. म्हटलं, “आजी, हा कोण आहे असं वाटतं तुम्हाला?”

“गडाचा राखणदार न्हवं का?”

“आजी, हा साधा वाटाड्या आहे. मालक तो मागचा. तो गोरा.”

आजीनं डोळे बारीक करून साहेबाला शोधून काढलं. मग माझ्याकडं कीव करून पाहिलं. “ल्येकरा, देवळात देव केवढा काढत्यात आन् भगत केवढा? मोठा काढलाय त्यो मोठाच आसंल की. ती बारकी गोरी त्येची गडीमानसं हायती.”

मी दोन वर्षं हैदराबादेत शिकलेला माणूस. मी तिला जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान दिसतं, असं बरंच समजावलं. आजी भंडाऱ्याची पिशवी कनवटीला खोचत म्हणाली, “मंग मालकानं लांब कशाला हुबं ऱ्हावं?” आणि निघून गेली.

मी मामांकडं वळलो. म्हटलं, निदान चिताऱ्याला तरी कळेल.

मामा गालिच्याच्या काठाशी बसलेच होते. अंगठा वर होता.

“म्हातारी येडी हाय,” ते म्हणाले. “पर तुमीबी शाने न्हाई. तोंडं झाका.”

मी त्यांच्या शेजारी उकिडवा बसलो. एक डोळा मिटला. अंगठा धरला.

“आता त्यो साहेब बघा. बोटाएवढा हाय का न्हाय?”

“आहे.”

“बूट दिसत्यात?”

दिसत होते. आणि दिसत होते म्हणजे काय, बुटाचं बक्कल दिसत होतं. त्यावर उन्हाचा एक पांढरा टिपका होता, मोहरीच्या दाण्याहून बारीक, पण नेमका बकलावर.

“आता ह्यो पुरुसभर गडी बघा. पाय कुठं हायती?”

मी पाहिलं. पुन्हा पाहिलं. काठी होती, धोतराचा काठ होता आणि त्याच्या खाली गवत. भरगच्च, उंच, हिरवंगार गवत. आमच्या त्या माळावर आषाढातसुद्धा तसलं गवत उगवत नाही. पाय नव्हते. माणूस झाडासारखा जमिनीतून वर आलेला होता.

“बोटाएवढ्या मानसाच्या बुटाचं बक्कल काढलंय,” मामा हळू म्हणाले, “आन् ज्यानं वाट दावली त्येला पायच न्हाईत.”

त्या चित्रासमोरून मी शंभरदा गेलो असेन. खात्यातले मोठमोठे इंजिनियर गेले. राज्य कुणाचं, सत्ता कुणाची, यावर त्या गालिच्यावर बसून किती चर्चा झाल्या असतील. आणि ती सगळी गोष्ट तिथं, त्या गवतात, उघडी पडलेली होती. ती वाचली एका अक्षरशत्रू माणसानं.

चित्राच्या चौकटीवर एक पितळी पट्टी होती. मामांनी तिच्याकडं बोट केलं. “काय लिवलंय?”

मी वाचलं. किल्ल्याचं नाव होतं. साहेबाचं होतं. मडमेचं होतं.

“घोड्याचं?”

“आहे.”

“कुत्र्याचं?”

“तेही आहे मामा.”

“आन् ह्येचं?”

मी पट्टीच्या टोकापर्यंत वाचलं. “‘आणि एक देशी माणूस’, एवढंच लिहिलंय.”

मामा खुदकन हसले. “म्हंजे माझंच नाव की ते.”

त्यानंतरच्या पावसाळ्यात बंगल्याची भिंत पाझरली आणि चित्राच्या डाव्या कोपऱ्याला वाळवी लागली. नेमकी त्या वाटाड्याच्या धोतराखाली. हातभर जागेतला रंग भुगा होऊन पडला. आणि त्याच सुमाराला हैदराबादहून खबर आली की इंग्रजांच्या रेसिडेन्सीतले एक गोरे पाहुणे सोलापूरकडून येताना त्या बंगल्यात उतरणार आहेत, आणि पाहुण्यांना जुन्या चित्रांचा भारी शौक आहे.

मोहतमीमसाहेब स्वतः धावत आले. तसे ते खानदानी, शांत माणूस. पण हळदीनं माखलेलं आणि वाळवीनं खाल्लेलं ते चित्र पाहून त्यांचा चेहरा उतरला. मामांना बोलावलं गेलं.

“मामा, जैसा था वैसा कर दो. एक तिनका ज्यादा नहीं, एक तिनका कम नहीं. मेहमान खूश हुए तो तुमको मुस्तकिल कर दूंगा.”

मुस्तकिल म्हणजे कायम. मामा वीसहून अधिक वर्षं हंगामी होते. दरवर्षी नव्यानं हुकूम निघायचा आणि दरवर्षी मामा महिनाभर धास्तीत असायचे. घरी विधवा लेक होती. कायम झाले असते तर म्हातारपणी निवृत्तीवेतन आणि त्यांच्या मागं लेकीला थोडा आधार. मामा कधी काही मागत नसत, पण त्या दिवशी बाहेर पडल्यावर त्यांनी मला दोनदा विचारलं, “मुस्तकिल म्हनले न्हवं? तुमीबी ऐकलं न्हवं?”

चित्र उतरवून मागच्या व्हरांड्यात नेलं. मामांनी आधी नुसतं धुणं काढलं. हळद, धूर, ऐंशी-नव्वद वर्षांची धूळ. कापसाचा बोळा फिरवत होते ते एखाद्या तापकरी माणसाचं अंग पुसावं तसे. मला वाटलं, मोहतमीमसाहेबांच्या धाकानं चाललंय. तसं नव्हतं.

“असतील,” ते पुटपुटायचे. “घान बसली आसंल वर. काढलं असतील त्येनं.”

वाळवीनं न खाल्लेल्या भागात तरी, गवताच्या आड, एखादा घोटा, एखादी टाच सापडेल अशी त्यांना आशा होती. चार दिवसांनी गवत लख्ख निघालं. गवताखाली काही नव्हतं. साहेबाचं बक्कल मात्र असं चमकायला लागलं की व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाहून दिसावं.

त्या संध्याकाळी मामांनी मला विचारलं, “मुन्शीसाब, म्या काढू का पाय?”

“मामा, मूळ काढणाऱ्यानं जसं काढलंय तसंच करायचंय.”

“त्येनं काढलंच न्हाय की.”

“मग ते तसंच ठेवायचं. हुकूम ऐकलात ना? एक काडी जास्त नाही.” मग मी जरा आवाज उतरवून म्हटलं, “लेकीचा विचार करा. गवत काढा आणि मोकळे व्हा.”

मामांनी बोळा पिळून बाजूला ठेवला. “गवत काढतो,” ते म्हणाले. “गवताला काय धाड भरलीया.”

पुढचे आठ दिवस मामांनी काय काय केलं ते मी फक्त पाहिलं. त्याचा अर्थ मला लागला नाही. ते अणदूरला जाऊन देवळाच्या पायरीवर तासन्‌तास बसले आणि उतरणाऱ्या प्रत्येकाचे पाय बघत राहिले. चाचांना जोडे काढून व्हरांड्यात उभं केलं. चाचांकडून लसणाचा एक गड्डा मागून नेला.

“मामा तस्वीर को फोडणी देनेवाले हैं शायद,” चाचा मला म्हणाले.

आणि रंगाच्या दोन वाट्या. एकीत जवसाच्या तेलात कालवलेला रंग, दुसरीत बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात. मी विचारलं, एका चित्राला दोन तऱ्हा कशाला?

“एक ठेवायला,” मामा मान वर न करता म्हणाले, “एक द्यायला.”

म्हाताऱ्या कारागिराचं काहीतरी गूढ बोलणं असेल म्हणून मी सोडून दिलं. आम्हां शिकलेल्या माणसांची ही एक सोय असते. न कळलेलं सगळं गूढ.

काम झालं तेव्हा मी थक्क झालो. गवत जसंच्या तसं. जुनं कुठं संपतं आणि मामांचं कुठं सुरू होतं, ते सांगता येईना. मला तर सुटल्यासारखं वाटलं. म्हातारा शहाणा झाला म्हणायचा.

पाहुणे आले. उंच, वाकलेले, नाकावर चष्मा, हातात भिंग. चहा न घेता आधी चित्रासमोर गेले. गालिच्यावर ते आणि मोहतमीमसाहेब, काठाबाहेर मी, दाराशी चाचा आणि मामा. पाहुण्यांनी भिंग लावून किल्ला पाहिला, मडम पाहिली, साहेबाच्या चेहऱ्यावर तर चांगलीच दोन मिनिटं घालवली. मग गवतापाशी आले. भिंग खाली आलं, वर गेलं.

“उत्तम,” ते इंग्रजीत म्हणाले. “दुरुस्ती कुठं आहे ते ओळखता येत नाही.”

मोहतमीमसाहेब हसले. मी मागं वळून मामांकडं पाहिलं आणि डोळ्यांनीच सांगितलं की झालं, मुस्तकिल.

तेवढ्यात पाहुण्यांना गवतावर एक पिवळा ठिपका दिसला. हळदीचाच. त्या सकाळी कुणी बाई आत शिरून गेली असावी. पाहुण्यांनी अगदी सहज खिशातून रुमाल काढला, तिपाईवरच्या पेल्यात बुडवला, पिळला आणि ठिपका पुसायला हात पुढं केला.

“न्हाय साहेब.”

मामा होते. आयुष्यात कुठल्या साहेबाशी आपण होऊन न बोललेले मामा. दारातून चार ढांगांत गालिच्यावर आले, ते भेगाळलेले, धुळीचे पाय घेऊन, आणि पाहुण्यांच्या आणि चित्राच्या मधे उभे राहिले.

“वलं न्हाय चालत,” ते म्हणाले. खांद्यावरचं कोरडं उपरणं काढून त्यांनी तो ठिपका हलकेच झटकला आणि तिथंच उभे राहिले. हात जोडलेले होते, पण जागचे हलेनात.

पाहुण्यांना काही वाटलं नसावं. ते हसून बाजूला झाले. पण मोहतमीमसाहेबांचं तोंड लाल झालं. रेसिडेन्सीच्या पाहुण्यासमोर, गालिच्यावर, अनवाणी, हंगामी रंगारी.

“कालीन से उतरो,” ते अगदी हळू आवाजात म्हणाले.

मामा उतरले.

दुसऱ्या दिवशी मोहतमीमसाहेबांनी मला कागद पुढं ओढायला सांगितला. त्यांनी एकच ओळ सांगितली: सदर इसम बेअदब असून कायम करण्यास लायक नाही. ती मी लिहिली. माझं अक्षर चांगलं होतं.

मामा बाहेर पायरीवर बसून होते. “काय लिवलं?”

“चांगलं काम झालं असं लिहिलंय, मामा.”

मामांनी माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही. त्यांनी उजवा अंगठा वर केला, माझं तोंड झाकलं आणि खाली पाहिलं.

“टाच उचललीया तुमची, मुन्शीसाब,” ते म्हणाले. रागानं नाही. पोराचं बटण तुटलेलं दाखवावं तसं.

मला राग आला होता तो मामांचाच. एका हळदीच्या ठिपक्यासाठी म्हाताऱ्यानं लेकीचा आधार घालवला, असं मी चाचांना म्हणालो. पाहुण्याचा तो रुमाल तिपाईवर राहिला होता, तो चाचांनी घडी करून ठेवून दिला.

मामा हंगामीच राहिले. दगड रंगवत राहिले. मग ते शेवटचं वाईट वर्ष आलं. रझाकारांच्या धास्तीनं माणसं हद्द ओलांडून सोलापूरकडं जायला लागली. मीही बायकोपोरांना घेऊन गेलो. जायच्या आधी मामांना म्हटलं, चला. ते दारात बसले होते, दोन्ही टाचा मातीत.

“तुमी जावा,” म्हणाले. “आमी हितंच.”

पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, मी परत आलो तेव्हा मामा नव्हते. त्याच पावसाळ्यात तापानं गेले होते, घरातच. लेक अणदूरला देवळासमोर भंडारा-खोबरं विकायला बसू लागली होती. मला तिच्यासमोर उभं राहवलं नाही.

पुढं दोनेक वर्षांनी जुन्या बंगल्यांतल्या सामानाची यादी करायचं काम माझ्याकडं आलं. काय ठेवायचं, काय लिलावात काढायचं. असा फिरत फिरत मी त्या डाक बंगल्यात पोचलो. चाचा होते. दाढी पांढरी झाली होती.

“अच्छा हुआ आप आए,” ते म्हणाले. “एक चीज देखो. मैं किसी को बोला नैं.”

दिवाणखान्यात ते चित्र होतं तिथंच होतं. मी दारातच थांबलो.

वाटाड्याला पाय आले होते.

गवत विरळ झालं होतं, जागोजागी पुसलेलं, आणि त्याच्या आड दोन पाय स्पष्ट उभे होते. रुंद, काळे, भेगांचे. नखांत माती. घोट्याशी काट्याचा जुना वण. तेलरंगात काढलेले, पक्के. दोन्ही टाचा जमिनीत अशा रुतलेल्या की त्या माणसाला हलवायचं तर माळ खणावा लागला असता.

“हर ईद को, हर दिवाली को गीला कपडा मारता मैं,” चाचा सांगत होते. “जितना पोंछा उतना घास गया. पाँव ऊपर आए. आधा पाँव आया तब मैं समझा, वो दिन मामा कालीन पर क्यों चढा.”

दोन वाट्या. तेलाची ठेवायला, डिंकाची द्यायला. तेलावर डिंकाचा रंग बसावा म्हणून लसूण. पाय आधी काढले, आणि वर हुकमाप्रमाणं गवत, एक काडी कमी नाही, एक काडी जास्त नाही. ते पुसून काढायचं काम मामांनी खात्यावरच सोपवलं होतं. फक्त वेळेआधी नको होतं. त्या गोऱ्याच्या ओल्या रुमालात आणि त्या पायांत एकच अडसर होता, आणि मामा जाऊन तोच झाले होते. कायमची नोकरी गेली तर गेली.

मी गालिच्याच्या काठाशी उकिडवा बसलो. एक डोळा मिटला. अंगठा धरला आणि सगळ्यांची तोंडं झाकली. मडमेचं झाकलं. साहेबाचं झाकलं. आणि मग साहेबाच्या त्या बुटाकडं, ज्याच्या बकलावर मोहरीएवढं ऊन होतं, नीट पाहिलं.

साहेबाची टाच उचललेली होती.

केसभर. बुटाखाली सावलीची एक बारीक रेघ सरकवलेली, एवढंच. ती गवताआड नव्हती, डिंकाखाली नव्हती. उघड्या तेलरंगात, पाहुण्यांच्या भिंगासमोर, मोहतमीमसाहेबांच्या देखत ती तिथंच होती. ते दोघे तोंड बघत होते. साहेब घोड्याला टेकून ऐटीत उभा होता आणि निघालेला होता, आणि हे मामांनी लिहून ठेवलं तेव्हा अजून कुणीच निघालेलं नव्हतं.

चाचांनी चहा आणून ठेवला, तो गार झाला.

मग माझ्या लक्षात आलं की डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूला गवताचा एक झुबका अजून शिल्लक आहे. फडकं तिथवर पोचलं नसावं.

“चाचा, ओलं फडकं द्या.”

मी जोडे काढले, गालिच्यावर गेलो आणि तो झुबका हळूहळू पुसायला लागलो. आधी बोटांची चार टोकं आली, सरळ, एका ओळीत. मग त्यांच्या पलीकडं पाचवं आलं. आडवं. बाकी सगळी बोटं किल्ल्याकडं निघालेली, आणि ते एकटं भलतीकडं.

चाचा मागून म्हणाले, “मुन्शीजी, हाथ क्यों रुका?”

“मामांच्या लेकीला बोलावून आणा,” मी म्हटलं.

चाचा गेले. मी तिथंच उभा राहिलो, गालिच्यावर, अनवाणी. हातातलं फडकं हिरवं झालं होतं.